दुर्बिणीतून की पोट उघडून? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रकरण

पित्ताशयात खडे झाले आणि ते काढायचं ठरलं, तर "पोट उघडून करायचं का?" असा प्रश्न आज कुणी विचारत नाही. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं तेव्हा ते नवल होतं. आता तालुक्याच्या गावीही ते होतं. बरगडीखालची वीतभर चीर गेली, तिच्या जागी तीन-चार छोटे टाके आले, पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागला. या ऑपरेशनात दुर्बिणीच्या नावावर जमा झालेला मोठा दोष एकच. पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनात हजारी एक-दोन होतं, ते दुर्बिणीत तीन ते पाचवर गेलं. पण कमी दुखणं, जखम न चिघळणं, पुढे हर्निया न होणं आणि लवकर कामाला लागणं हे सगळं पाहता तो दोष बहुतेकांनी पत्करला, आणि ते योग्यच झालं.

या यशातून एक सरधोपट समज रुजला: दुर्बीण म्हणजे नवं आणि चांगलं, चीर म्हणजे जुनं आणि नाइलाजाचं. पेशंटचा झाला तसा तो सर्जनांचाही झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एका ऑपरेशनात हा समज जवळपास पंचवीस वर्षं तपासल्याविना चालला. २०१८ साली तो तपासला गेला आणि उलटा निघाला. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो, कारण दुर्बिणीचे फायदे कुठे खरे आहेत आणि कुठे संपतात, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

ऑपरेशन कोणतं

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर सापडला, गाठ चार सेंटिमीटरच्या आत असली आणि आजूबाजूला पसरली नसली, तर 'रॅडिकल हिस्टरेक्टमी' करतात. नेहमीच्या 'पिशवी काढण्याच्या' ऑपरेशनपेक्षा हे बरंच मोठं काम आहे. गर्भाशयाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंचा आधाराचा ऊतीपट्टा, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी काढायच्या असतात. हे ऑपरेशन पद्धतशीरपणे रुजवलं व्हिएन्नाच्या अर्न्स्ट वर्थहाइम यांनी, १८९८ पासून.

अवघड जागा आहे ती मूत्रवाहिनीची. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी ही बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीच्या अगदी खालून जाते. 'पुलाखालचं पाणी' असं म्हणून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडून ते पाठ करून घेतात. रॅडिकल ऑपरेशनात हा पूल कापून नळी तिच्या बोगद्यातून मोकळी करावी लागते. मूत्राशयाच्या नसाही याच भागातून जातात, त्यामुळे ऑपरेशननंतर काही दिवस, कधी काही आठवडे, लघवीची नळी ठेवावी लागते. चीर मोठी असो की लहान, आतलं काम तेवढंच असतं. पेशंटला बाहेरून चार टाके दिसतात म्हणून ऑपरेशन छोटं झालं असं होत नाही, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते.

खात्री कशी तयार झाली

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काही निष्णात सर्जन हे ऑपरेशन दुर्बिणीतून करू लागले. त्यात पुणे आघाडीवर होतं. डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली २४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यांची पद्धत जगभर 'पुणे टेक्निक' म्हणून ओळखली गेली. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी रोबोटला मान्यता दिली, आणि ज्यांना दुर्बिणीची लांब सरळ हत्यारं जमत नव्हती त्यांनाही रोबोटच्या मनगटासारख्या वळणाऱ्या हत्यारांनी हे ऑपरेशन आवाक्यात आल्यासारखं वाटू लागलं.

जगभरातून अहवाल येत राहिले. रक्त कमी जातं, रुग्णालयातला मुक्काम कमी होतो, काढलेल्या ग्रंथींची संख्या सारखीच, कापलेल्या कडांना कर्करोग नाही. सगळं खरं होतं. पण हे बहुतेक अहवाल मागे वळून पाहणारे होते. कुणाला दुर्बीण आणि कुणाला चीर हे सर्जननं आपल्या अंदाजानं ठरवलेलं असायचं, आणि लहान गाठीच्या, सडपातळ, सोप्या रुग्णा साहजिकच दुर्बिणीकडे जायच्या. शिवाय मोजलं काय जात होतं? पहिल्या महिन्यात दिसणाऱ्या गोष्टी. कर्करोग परतायला दोन-तीन वर्षं लागतात.

आतड्याच्या सर्जनांनी हे वेगळ्या रीतीनं हाताळलं होतं. १९९० च्या दशकात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची दुर्बिणीतून ऑपरेशनं सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागी कर्करोग उगवल्याच्या नोंदी येऊ लागल्या. सर्जन घाबरले. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेनं बजावलं, की हे ऑपरेशन चाचणीतच करा, बाहेर नको. त्यानंतर ८७२ रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली आले. तीन वर्षांत कर्करोग परतण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, उघड्या ऑपरेशनात १८ टक्के. जखमेच्या जागी परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. मग दुर्बीण मोकळेपणानं वापरात आली. आधी परीक्षा, मग प्रवेश.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. अमेरिकेत २०१० ते २०१३ या काळात असं ऑपरेशन झालेल्या २,४६१ स्त्रियांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. त्यातल्या जवळपास निम्म्या जणींची ऑपरेशनं दुर्बिणीनं किंवा रोबोटनं झाली होती. म्हणजे पुरावा येण्याआधीच अर्धा देश पलीकडे गेला होता.

चाचणी

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राचे पेद्रो रामिरेझ यांच्या पुढाकारानं २००८ साली 'लॅक' नावाची चाचणी सुरू झाली. जगभरातली ३३ केंद्रं त्यात होती. पात्र स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीनं दोन गटांत वाटलं: एका गटाचं पोट उघडून, दुसऱ्याचं दुर्बिणीनं किंवा रोबोटनं. दुर्बीण श्रेष्ठ ठरवण्याचा हेतू मुळात नव्हता. ती उघड्या ऑपरेशनपेक्षा फार कमी पडत नाही एवढंच दाखवायचं होतं आणि 'फार कमी' म्हणजे किती, तेही आधीच ठरवलं होतं: साडेचार वर्षांनी कर्करोगमुक्त राहणाऱ्यांच्या प्रमाणात ७.२ टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल. खर्चात दुर्बिणीची हत्यारं बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीचाही वाटा होता. दुर्बिणीविरुद्ध कट रचल्याचा संशय नंतर कुणी घेतलाच, तर तो फिटायला एवढी एक बाब पुरेशी आहे.

सर्जनही नवखे नव्हते. प्रत्येक केंद्राला किमान दहा ऑपरेशनांचे तपशील आणि दोन ऑपरेशनांची काटछाट न केलेली चित्रफीत पाठवून मान्यता घ्यावी लागत होती.

७४० स्त्रिया घ्यायच्या होत्या. २०१७ मध्ये, ६३१ झाल्यावर, आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला दोन गटांतल्या मृत्यूंमध्ये तफावत दिसली आणि भरती थांबवण्यात आली.

आकडे

निष्कर्ष २०१८ च्या ऑक्टोबरअखेर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. उघड्या गटात ३१२ स्त्रिया होत्या, त्यांपैकी ७ जणींचा कर्करोग परतला आणि ३ दगावल्या. दुर्बिणीच्या गटात ३१९, त्यांपैकी २७ जणींचा परतला आणि १९ दगावल्या. साडेचार वर्षांनी कर्करोगाविना असण्याचं प्रमाण उघड्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. ठरवलेली ७.२ टक्क्यांची मर्यादा तर ओलांडलीच, आणि फरक योगायोगाचा नव्हता.

'९६.५ विरुद्ध ८६' हा आकडा अनेकांना फार मोठा वाटत नाही. उलट बाजूनं वाचावा. हा लवकर सापडलेला, बरा होणारा कर्करोग आहे. शंभर जणींमागे परतणाऱ्या तीन-चार असायला हव्यात, त्या चौदा झाल्या. २०२४ साली पूर्ण पाठपुराव्याचे आकडे आले तेव्हाही चित्र तेच राहिलं: ९६ टक्के आणि ८५ टक्के. जिवंत राहण्याचं प्रमाण ९६.२ आणि ९०.६.

त्याच अंकात अलेक्झांडर मेलामेड आणि सहकाऱ्यांचा, वर उल्लेखलेल्या २,४६१ स्त्रियांचा अभ्यास होता. चाचणीतल्या निवडक केंद्रांबाहेर, रोजच्या व्यवहारात काय घडतं ते त्यात दिसलं. चार वर्षांत दगावण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनानंतर ५.३ टक्के, दुर्बीण-रोबोटनंतर ९.१ टक्के.

या प्रकरणात आणखी एक आकडा दडलेला आहे. तो मृत्यूंइतका गाजला नाही, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. याच चाचणीतल्या स्त्रियांना ऑपरेशनानंतर आयुष्य कसं चाललंय याच्या प्रश्नावल्या भरायला दिल्या होत्या. सहा आठवड्यांनी दोन गटांत फरक नव्हता. गुंतागुंतींचं एकूण प्रमाणही साधारण सारखंच. ज्या फायद्यासाठी दुर्बीण निवडायची, तो पहिल्या काही दिवसांपुरताच होता. मूत्राशय सावरणं, थकवा, योनी आखूड होणं, किरणोपचार लागले तर त्यांचा त्रास, हे सगळं आतल्या कामामुळे होतं. ते टाक्यांच्या लांबीवर अवलंबून नाही.

असं का झालं

नक्की एकच कारण सिद्ध झालेलं नाही. पण ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून पाहिलं तर संशयाची बोटं कुठे वळतात ते कळतं.

पहिलं बोट 'मॅनिप्युलेटर'कडे. दुर्बिणीत सर्जनचा हात आत नसतो, त्यामुळे गर्भाशय इकडून तिकडे हलवायला योनीमार्गे एक दांडी मुखातून आत घालतात. साध्या गाठींसाठी पिशवी काढताना ते ठीक आहे. इथे मात्र कर्करोग नेमका मुखावरच बसलेला असतो, आणि दांडी त्याच्यातूनच जाते, दाबते, फिरवते. युरोपातल्या 'सक्कोर' या अभ्यासात २०१३-१४ मधल्या ६९३ स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या. दुर्बीण गटात परतण्याचा धोका दुपटीच्या आसपास होता, मॅनिप्युलेटर वापरलेल्यांत त्याहून जास्त, आणि न वापरलेल्यांत उघड्या ऑपरेशनाच्या जवळपास. हा मागे वळून पाहणारा अभ्यास आहे, त्यामुळे तो निर्णायक म्हणता येत नाही, तरी दिशा दाखवतो.

दुसरं बोट योनी कापण्याच्या पद्धतीकडे. उघड्या ऑपरेशनात गाठीच्या खाली योनीला आडवे चिमटे लावून ती बंद करतात आणि चिमट्याच्या खाली कापतात. गाठ बंद तोंडाच्या पिशवीत राहून बाहेर येते. दुर्बिणीत बऱ्याचदा योनी पोटाच्या बाजूनं गोल कापली जाते. कापता कापता गाठीचा पृष्ठभाग पोटाच्या पोकळीला उघडा पडतो. त्याच वेळी पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं आत असतो आणि पेशंटचं डोकं खाली केलेलं असतं. सुटलेल्या पेशींना पोटभर फिरायची मुभा मिळते, असा तर्क आहे. 'सक्कोर'मध्ये कापण्याआधी योनी शिवून बंद केलेल्या स्त्रियांचे निकाल चांगले होते, तेही या तर्काशी जुळतं.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग याच्या शेजारी ठेवून पाहावा. अवयव तोच, सर्जन तेच, दुर्बीण तीच. २,६१६ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत तिथे पाच वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ८९.८ टक्के निघालं, तंतोतंत सारखं. म्हणजे दुर्बीण कर्करोगाला चालत नाही असा सरसकट निष्कर्षही चुकीचा. अस्तराचा कर्करोग गर्भाशयाच्या जाड स्नायूच्या भिंतीआड बंद असतो, मुखाचा योनीच्या टोकाला उघड्यावर असतो. गाठ कुठे आहे आणि ती काढताना उघडी पडते का, यावर फरक पडतो. गॅस सगळीकडे दोषी असता तर तो इथेही दिसला असता.

आक्षेप

'लॅक' आली तेव्हा दुर्बिणीच्या सर्जनांनी जोरदार हरकती घेतल्या आणि सगळ्या फेटाळण्याजोग्या नाहीत. उघड्या गटाचे निकाल अपेक्षेपेक्षा फारच चांगले आले होते. चाचणी आखताना ९० टक्के धरले होते, आले ९६.५. काही केंद्रांवर दहा वर्षांत मोजक्याच स्त्रिया भरती झाल्या होत्या. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींबद्दल स्वतंत्र निष्कर्ष काढण्याइतक्या स्त्रिया नव्हत्या.

"आमच्या हातात निकाल चांगले येतात" हा चौथा आक्षेप मात्र मला पटत नाही. कदाचित येतही असतील. वर्षाला शेकड्यांनी ऑपरेशनं करणारा, मॅनिप्युलेटर न वापरणारा, योनी आधी बंद करणारा सर्जन वेगळे निकाल देऊ शकेल. पण ते दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, पेशंटवर नाही. स्वीडनमधून चालवली जाणारी 'रॅक' ही चाचणी रोबोट आणि उघड्या ऑपरेशनाची पुन्हा तुलना करते आहे, ती याचसाठी.

उघड्या ऑपरेशनाचे तोटेही झाकून ठेवू नयेत. नाभीखालून उभी चीर, पहिले तीन-चार दिवस खोकतानाही पोट धरावं लागणं, स्थूल स्त्रीत जखम चिघळण्याचा धोका, रक्त जास्त जाणं, पुढे हर्निया. मधुमेह असलेल्या, नव्वद किलो वजनाच्या बाईच्या बाबतीत हे कागदावरचे मुद्दे राहत नाहीत. तरीही तीन वर्षांनी परतणाऱ्या कर्करोगासमोर चिघळलेली जखम बरी, असंच म्हणावं लागतं.

आपल्याकडे

भारतात दरवर्षी या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णा आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. त्यातल्या बऱ्याच जणी येतात तेव्हा रोग ऑपरेशनाच्या पलीकडे गेलेला असतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ६३३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, मध्यम टप्प्यातल्या कर्करोगासाठी आधी केमो देऊन मग ऑपरेशन करण्यापेक्षा किरणोपचार आणि केमो एकत्र देणं सरस ठरलं: पाच वर्षांनी रोगमुक्त ७६.७ टक्के, ऑपरेशनाच्या गटात ६९.३. दुर्बीण की चीर हा प्रश्न पडायलासुद्धा कर्करोग लवकर सापडावा लागतो.

आणि तो सापडू शकतो याचा जगातला एक भक्कम पुरावा मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर काम केलं. २००९ साली निष्कर्ष आले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते.

सध्या काय करतात

'लॅक'नंतर अमेरिकेच्या आणि युरोपच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. रॅडिकल हिस्टरेक्टमीसाठी पोट उघडून करणं हीच प्रमाण पद्धत ठरली. अमेरिकी औषध प्रशासनानं २०१९ च्या फेब्रुवारीत रोबोटनं कर्करोगाची ऑपरेशनं करण्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींचं मात्र गणितच बदलतं आहे. 'शेप' या चाचणीत, २०२४ साली, ७०० स्त्रियांमध्ये साधी हिस्टरेक्टमी रॅडिकल ऑपरेशनापेक्षा कमी पडली नाही. तीन वर्षांत ओटीपोटात कर्करोग परतण्याचं प्रमाण २.५२ आणि २.१७ टक्के. त्यातली बरीच ऑपरेशनं दुर्बिणीतूनच झाली होती. कोन बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी मुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढताना, गाठ आधीच पूर्ण निघून गेली असेल, तर आत सांडायला फारसं काही उरत नाही, हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

तेव्हा "डॉक्टर, दुर्बिणीतून होईल ना?" हा प्रश्न ज्या घरात येतो, तिथे एमआरआयवर गाठ किती सेंटिमीटरची दिसते, कोन बायोप्सी झाली का, तिच्या कडा स्वच्छ होत्या का, आणि दुर्बिणीतूनच करायचं म्हणत असतील तर मॅनिप्युलेटर वापरणार का व योनी आधी बंद करणार का, हे विचारून घ्यावं. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल आणि सर्जन "दुर्बिणीनं लवकर घरी जाल" एवढंच सांगत असतील, तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत घेण्याइतका वेळ या आजारात असतो.